घळीकडे जाऊ नका

खडवलीहून आत

खडवली स्टेशनबाहेर आम्हाला न्यायला आलेला दत्ता इतका गोड बोलत होता, की रिक्षात बसायच्या आधीच मी बॅग मांडीवर घट्ट धरली.

"काकू, द्या ना, मागे टाकतो."

"राहू दे," मी म्हटलं.

माझा नवरा श्रीधर हळूच म्हणाला, "अगं, चांगला माणूस दिसतोय."

"दिसणारच. आपण गिऱ्हाईक आहोत."

माझ्या अशा बोलण्याला एक कारण आहे. डोंबिवलीची माझी मावसबहीण अशाच एका 'गावाकडच्या सहली'ला गेलेली. दुपारच्या जेवणानंतर पाहुण्यांना कोकम सरबत दिलं आणि लगेच प्लॉटचे नकाशे उघडले. बहीण कशीबशी सुटली, पण तेव्हापासून कुणी आग्रहानं सरबत पुढे केलं की मला नकाशा दिसायला लागतो. दत्ताच्या घरी पोचल्यावर त्याच्या बायकोनं, कुसुमनं, पहिल्यांदा पुढे केलं ते कोकम सरबतच.

आम्ही ठाण्यात बाळकुमला राहतो. आमच्या खिडकीतून पूर्वी हिरवं काहीतरी दिसायचं, आता समोरच्या टॉवरमधले वाळत घातलेले टॉवेल दिसतात. निवृत्त झाल्यापासून श्रीधरला पक्ष्यांचं वेड लागलंय. चार दिवस जवळच कुठेतरी गावात राहू, सकाळ-संध्याकाळ फिरू, म्हणून त्यानं ही जागा शोधली. शेत, शेतात बांधलेल्या खोल्या, मागे गोठा, पुढे ओटा आणि ओट्यावर जेवण. फेब्रुवारी महिना होता. आंब्यांना मोहोर आलेला, बांधावरच्या काटेसावरीला पान नव्हतं, नुसती लाल फुलं. जागा छान होती. मला तेही जरा खटकलं.

सरबत घेऊन झाल्यावर दत्तानं ओट्यावरूनच हात करून सगळं दाखवलं. "ही वाट नदीवर. ती टेकडीवर, वर देऊळ आहे. एक दिवस टिटवाळ्याला जाऊन या, गणपतीला. फक्त तिकडं, त्या जांभळीच्या मागं घळ आहे ना, तिकडं नका जाऊ."

"का?" मी लगेच विचारलं.

"फुरसं निघतात तिथं. दगडात."

तेवढ्यात श्रीधरनं गळ्यातली दुर्बीण डोळ्याला लावली. "काय काय दिसतं रे इकडे? घुबडं आहेत का?"

कुसुमनं रिकामे पेले उचलले आणि आत गेली. मघाशी एवढी बोलकी असलेली दोघंही एकदम गप्प झालेली मी नीट बघून ठेवली.

नदी

दुसऱ्या दिवशी सकाळी भातसा नदीवर गेलो. पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं. माणूस दिसत नव्हता, फक्त म्हशींना घातलेल्या शिव्या ऐकू येत होत्या. श्रीधरला एक खंड्या दिसला. त्याच्याकडे बघत तो मागे सरकला आणि शेवाळलेल्या दगडावरून थेट कमरेपर्यंत पाण्यात गेला. दुर्बीण त्यानं वर धरलेली, चप्पल मात्र वाहून गेली. एका पायात चप्पल घालून लंगडत चाललेल्या माझ्या नवऱ्याला बघून शेतातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. तेवढा वेळ माझ्या डोक्यात काही नव्हतं.

परत येताना घळीच्या दिशेला धूर दिसला. "हे बघ," मी म्हटलं. "हातभट्टी. म्हणून जाऊ देत नाहीत."

घरी आल्यावर कुसुमला विचारलं, "तिकडे धूर कसला गं?"

"राब भाजतायत, काकू. भाताच्या रोपासाठी आधी जमीन भाजतात ना." मग मी काही न विचारताच ती म्हणाली, "पण त्या बाजूला नका हां जाऊ. आग्या मोहोळ आहे. मागं एकाला उठलेलं, ॲडमिट करावं लागलं."

काल फुरसं होतं, आज आग्या मोहोळ. मी श्रीधरकडे बघितलं. तो तांदळाच्या भाकरीवर वालाचं बिरडं घेऊन इतका रमला होता की माझ्या बघण्याचा काही उपयोग झाला नाही. जेवण उत्तम होतं हे सांगायलाच हवं. आमच्याकडे बिरडं करायचं म्हणजे वाल भिजवा, मोड आणा, सोलत बसा, हा दोन दिवसांचा सोहळा. इथे कुसुमनं ताज्या शेंगा तोडून आणल्या, ओट्यावर बसून दाणे काढले आणि तासाभरात पातेलं चुलीवरून उतरलं. बाजूला सुकटीची चटणी. घरी सुकट भाजली की शेजारी दारं लावून घेतात, इथे वासावर शेजारीण आली आणि वाटीभर घेऊन गेली.

त्याच पंगतीला विलासराव होते. आमच्या शेजारच्या खोलीत उतरलेले, एकटेच. वय आमच्याएवढं, पांढरा सदरा, बोलणं मवाळ. कल्याणला राहतो म्हणाले, डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय म्हणाले. मी घरून नेलेलं लिंबाचं लोणचं त्यांना वाढलं. त्यांनी दोनदा मागून घेतलं.

कुसुम आत गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तुम्हाला पण घळीचं सांगितलं का? मला दत्ता म्हणाला, ती जमीन दुसऱ्याची आहे, मालक शिव्या देतो."

"मला फुरसं सांगितलं. आणि आत्ता आग्या मोहोळ."

विलासराव हसले. "आपण पाहुणे. आपल्याला काय करायचंय? पण इतकं लपवण्यासारखं असेल तरी काय!"

मला फार बरं वाटलं. आल्यापासून हा एकच शहाणा माणूस भेटला होता.

टिटवाळा

तिसऱ्या दिवशी सकाळी टिटवाळ्याला गेलो. गणपतीचं दर्शन शांतपणे झालं, मंगळवार नव्हता. देवळाबाहेर श्रीधरसाठी नवीन चपला घेतल्या. विलासरावांनाही बोलावलेलं, पण ते पाय दुखतोय म्हणून मागे राहिले.

दर्शन घेऊन तळ्याच्या काठावर बसलो तेव्हा मी श्रीधरला म्हटलं, "काल संध्याकाळी तू आंघोळीला गेलेलास ना, तेव्हा दत्ता काठी घेऊन घळीकडे गेला. अंधार पडायच्या वेळेला. मागे वळून वळून बघत होता."

"शेतकरी आहे तो. जाईल कुठेतरी."

"मागे वळून बघत?"

"अगं, तू त्याच्याकडे बघत असशील म्हणून तो तुझ्याकडे बघत असेल."

एवढं बोलून त्यानं शेंगदाण्याची पुडी पुढे केली. आमचं लग्न टिकलंय ते बहुतेक अशा पुड्यांवर.

दुपारी परत आलो. दत्ता भेंडी घेऊन कल्याणच्या मार्केटला गेलेला. कुसुम गोठ्यात होती. श्रीधर जेवून झोपला. विलासराव ओट्यावर पेपर वाचत होते. मला झोप येईना. मी पायांत बूट घातले, हातात काठी घेतली आणि जांभळीकडे निघाले.

घळ

वाट सरळ होती. कापलेल्या भाताचे खुंट बुटाखाली कडकड मोडत होते. जांभळीच्या मागे जमीन एकदम खाली उतरत होती. मधून जाणाऱ्या ओहोळात पाणी जेमतेम, दोन्ही बाजूंना काळे कातळ आणि करवंदीच्या जाळ्या. मी काठी आपटत, आवाज करत उतरले. फुरसं दिसलं नाही. वर मोहोळही दिसलं नाही. भट्टी नव्हती, पिंप नव्हतं, चोरून रसायनं ओतणाऱ्या टँकरच्या चाकांच्या खुणा नव्हत्या. मला हायसं वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, निराशाच झाली.

मग समोरच्या कातळातून काहीतरी भलंमोठं सुटलं. अजिबात आवाज न करता ते माझ्या डोक्यावरून गेलं आणि पलीकडच्या झाडावर बसलं. शिंगांसारखे दोन तुरे, आणि नारिंगी डोळे थेट माझ्यावर रोखलेले. मी खालीच बसले. बसल्यावर नजरेसमोर कातळातला एक पसरट खण आला. त्यात काटक्या नव्हत्या, गवत नव्हतं, उघड्या मातीवर दोन पांढरट पिल्लं बसली होती. लोकरीच्या गुंड्यांसारखी. मला बघून ती फुगली आणि चोचीनं टकटक आवाज करायला लागली. आजूबाजूला उंदरांची हाडं आणि उग्र वास.

दुसऱ्या कुणी कौतुकानं बघितलं असतं. माझं डोकं भलतीकडेच धावलं. घुबडांचा चोरटा धंदा चालतो, जादूटोण्यासाठी लोक ती विकत घेतात, हे मी वाचलेलं होतं. आमच्याच ठाणे-कल्याणच्या बातम्यांत कुणी ना कुणी पकडलं जातं. आता सगळं जुळलं. घुबडाचं नाव काढताच गप्प बसणं, रोज नवी थाप, संध्याकाळच्या चोरट्या फेऱ्या. दत्ता ही पिल्लं विकायला सांभाळत होता. मोठी झाली की उचलायची.

मी जवळजवळ पळत परत आले. श्रीधरला उठवणार होते, पण तो 'अगं, चांगला माणूस आहे' म्हणाला असता, आणि त्या क्षणी मला ते ऐकायचं नव्हतं. ओट्यावर विलासराव होतेच.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपरची नीट घडी घातली. चेहरा गंभीर झाला.

"वहिनी, तुम्ही फार मोठं काम केलंत. फॉरेस्टमध्ये माझी चांगली ओळख आहे. मी बघतो. पण कुणाला बोलू नका, श्रीधररावांनाही नाही. ही माणसं सावध झाली तर पिल्लं गायब करतील. फक्त मला जागा नेमकी सांगा."

मी सांगितली. जांभळीपासून किती खाली, कुठल्या अंगाचा कातळ, करवंदीच्या कुठल्या जाळीमागे. ओट्यावरच्या धुळीत काठीनं काढूनही दाखवली. ती त्यांनी पायानं पुसून टाकली, तेव्हा मला त्यांच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

त्या संध्याकाळी टेकडीवरच्या देवळापर्यंत चालत गेलो. खाली नदी तांबूस दिसत होती, गावात चुली पेटल्या होत्या. श्रीधर म्हणाला, "आज तू अगदी खुशीत आहेस." मी म्हटलं, "हवा चांगली आहे इथली."

चौथी सकाळ

सकाळी चहाला विलासरावांची खोली उघडी होती. आत कुणी नव्हतं, बॅगही नव्हती.

"उजाडायच्या आत गेले म्हणे," श्रीधर म्हणाला. "चहासुद्धा न घेता."

मला मात्र माहीत होतं ते कुठे गेले असतील. कुसुम चहाचे कप घेऊन आली तेव्हा मला राहवलं नाही. "फॉरेस्ट ऑफिसला गेलेत ते," मी म्हटलं. "तुमचं सगळं आता उघडं पडेल."

"काय उघडं पडेल?"

"घळीतलं. मी पाहिलंय काल. पिल्लं."

कुसुम जागच्या जागी उभी राहिली. "तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"विलासरावांना. नेमकी जागा सांगितली. ते—"

माझं वाक्य तिनं ऐकलंच नाही. हातातला ट्रे खाली टाकला, कप फुटले, आणि "अहो!" अशी हाक मारत ती अनवाणीच जांभळीकडे धावत सुटली. गोठ्यातून दत्ता तिच्यामागे पळाला. ती हाक ऐकली तेव्हा मला समजलं. श्रीधर विचारत होता, "काय झालं? अगं, काय केलंस तू?" आणि मी त्याच्या हाताला धरून त्या दोघांच्या मागे चालत होते.

कातळातला खण रिकामा होता. खाली मऊ मातीत बुटांचे ठसे, करवंदीची एक फांदी मोडलेली. पलीकडच्या झाडावर मादी बसली होती, भर उजेडात. कावळे तिच्या अंगावर जात होते, टोचत होते आणि ती हलत नव्हती. समोरच्या रिकाम्या खणाकडे बघत होती.

दत्ता दगडावर बसला. रागावलाही नाही. "गेल्या वर्षी पण नेलेली," एवढंच म्हणाला. "तेव्हापासून कुणाला सांगत नाय. सांगितलं की लोक फोटो काढायला येतात, फोटो बघून ते येतात."

"मग रोज वेगळी थाप कशाला मारायची?" हे मी म्हटलं. त्या वेळीसुद्धा म्हटलं.

कुसुम माझ्याकडे वळली. "कारण आम्हाला थापा मारता येत नाहीत, काकू. आणि आम्हाला संशय तुमचाच होता. दुर्बीण घेऊन आलात, काकांनी पहिलं घुबडच विचारलं, तुम्ही प्रत्येक गोष्टीत 'का' विचारत होतात. तो माणूस काहीच विचारायचा नाही. आम्ही रोज संध्याकाळी तुमच्यावर लक्ष ठेवत होतो."

तेवढ्यात खालून आवाज आला. चोचीची टकटक, अगदी बारीक. कुसुम गुडघ्यांवर बसली आणि करवंदीच्या जाळीत तिनं हात न घालता नुसतं वाकून बघितलं. खणाच्या खालच्या कपारीत, काट्यांच्या पार आत, एक पिल्लू अंग चोरून बसलं होतं. घाबरून सरकलं असेल किंवा खाली पडलं असेल. नेणाऱ्याच्या हाती एकच लागलं होतं.

"उठा, सगळे लांब चला," कुसुम म्हणाली. "आपण असलो तर आई खाली येणार नाही."

आम्ही वर जांभळीखाली येऊन बसलो. दत्तानं फोन केला. खरा वनरक्षक आला तो मोटारसायकलवरून, घामाघूम होऊन. त्यानं मला विचारलं, माणूस दिसायला कसा होता, राहतो कुठे, आडनाव काय, करतो काय, घरी कोण कोण असतं. पांढरा सदरा आणि लिंबाच्या लोणच्यापलीकडे मला काहीही सांगता येईना. विलासरावांनी दत्ताला दिलेला फोन नंबर बंद होता, नावही खोटंच असणार. स्टेशनवर भेटलेल्या दत्तापासून धुरापर्यंत आणि सरबतापर्यंत मी सगळ्यावर शंका घेतली होती. विलासरावांना मात्र दोन दिवसांत एक साधा प्रश्न विचारला नव्हता. ते माझ्याच मनातलं बोलत होते, म्हणून.

दुपारी ओट्यावर जेवणाची ताटं मांडलेली होती. कुसुमनं वाढलं. फुटलेल्या कपांचे तुकडे मी वेचले, तिनं "राहू द्या" म्हटलं नाही. आम्ही त्याच दिवशी निघणार होतो, पण मला जाववेना. श्रीधरनंच दत्ताला विचारलं, "संध्याकाळपर्यंत थांबलो तर चालेल?"

ऊन उतरल्यावर पुन्हा जांभळीखाली जाऊन बसलो, चौघंही. दिवस मावळला. कावळे केव्हाचे गेले होते. घळीतून एक खोल घुमणारा हुंकार आला, मग थांबला, मग पुन्हा आला, आता खालून, कातळाच्या जवळून. आणि त्याला एक चिरका, भुकेला आवाज उत्तर द्यायला लागला. कुसुमनं पदर तोंडाशी धरला. दत्ता म्हणाला, "आली." श्रीधर रडत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

परत

दत्तानं आम्हाला खडवली स्टेशनला सोडलं. बॅग मी स्वतःच त्याच्या हातात दिली. निघताना कुसुमनं भाकरी आणि चटणी बांधून दिली होती. दिल्याशिवाय पाहुण्याला जाऊ देत नाहीत म्हणून दिली असावी. पण 'पुन्हा या' कुणी म्हटलं नाही. आपल्याकडे हे म्हणायचं म्हणून म्हणतात, समोरचा येणार नाही हे माहीत असतानाही. ते न ऐकता दारातून बाहेर पडायची ही माझी पहिलीच वेळ.

दुसऱ्या पिल्लाचा पत्ता लागला नाही. वनखात्याकडे मी दोनदा फोन केला, त्यांनी सभ्यपणे "शोध चालू आहे" सांगितलं. कल्याणला काही कामानं गेले की गर्दीत पांढरे सदरे बघत राहते.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या माधुरीनं श्रीधरनं काढलेले नदीचे फोटो बघितले आणि म्हणाली, "काकू, मस्त आहे हो! लोकेशन पाठवा ना, मुलांना घेऊन जाऊ." माधुरी गुणी मुलगी आहे, तिच्याबद्दल मनात काही नाही. तरी मी म्हटलं, "अगं, जागा बंद झाली ती." हे लिहितानाही तेच केलंय. खडवलीला उतरलो हे खरं आहे, नदी खरी आहे, टिटवाळाही खरा. नावं मी बदलली आहेत. जांभूळ दुसऱ्याच बाजूला आहे, कदाचित ती जांभूळही नसेल. मी लिहिलेल्या वाटेनं कुणी गेलं तर भेंडीच्या शेतात पोचेल.

मे महिन्यात एका दुपारी फोन वाजला. कुसुम होती. नमस्कार वगैरे काही नाही.

"काकू, उडालं."

माझ्या तोंडून निघालंच, "कुठे गेलं?"

गोठ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या.

"गेलं कुठंतरी," कुसुम म्हणाली.

तिला माहीत होतं. तिनं मला सांगितलं नाही. मी "बरं" म्हटलं आणि पुन्हा विचारलं नाही.